पोटखराबा

फीडर बंद पडला की रजिस्टरात कारण लिहावं लागतं.
वारा. फांदी. माकड. पक्षी.
अकरा वर्षं मी 'पक्षी' लिहीत आलो,
कुठला, ते कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

मग एका पौषात डीपीखाली तो पडलेला दिसला,
अंग भाजलेलं, एक पंख शाबूत.
उघडून पाहिला तर आत निळं,
इतकं की पक्कड खाली ठेवावी लागली.
मेंढरं थांबवून मसाजी शिंगाडे वाकून बघत म्हणाला,
'चास हाय ही. दसऱ्याला दिसली तर चांगलं आसतंय.'

बीडच्या जुन्या बाजारातून दुर्बीण आणली,
तिच्या एका डोळ्यात बुरशी.
पुस्तक म्हणायचं धाविक,
मसाजी म्हणायचा पळपुट्या.
मी वहीत दोन्ही लिहायचो.
मेंढरं वळवताना तो टिटवीच्या अंड्यांभोवती
काठीनं रेघ ओढायचा.
रेघ मेंढरांना कळायची नाही,
पण त्याच्या पायांना कळायची, आणि ती त्याच्या मागं.

मार्गशीर्षात, सहाच्या सुमाराला, भोवते येतात.
ज्या देशांतून येतात त्यांची नावं
मला धड उच्चारता येत नाहीत.
कुसळीच्या शेंड्यांवरून खाली-खाली,
काहीतरी हरवल्यासारखे फिरत राहतात,
मग एकेक जण गवतात उतरतो
आणि विझतो.
त्या वर्षी मोजले तेवीस.
सगळे भुईवर. झाड नव्हतंच तिथं.
झाड नव्हतं म्हणूनच ते आले होते,
हे कळायला मला अजून दोन हिवाळे लागले.

कारण मधल्या जूनमध्ये माळावर खड्डे आले,
दोन बाय दोन, दोरी धरून, चार हजार.
मंडप, सरपंच, शाळेची पोरं, गिरिपुष्पाची रोपं.
एक मीही लावलं.
फोटोत मी हसतोय.

डिसेंबरात मोजले : नऊ.
वाटलं, बुरशी दुसऱ्या डोळ्यातही गेली.

तलाठ्याकडून माळाचा उतारा काढला.
पीक : निरंक. लागवडीस अयोग्य.
पोटखराबा.
रकान्यांत नाकतोड्याला जागा नव्हती,
नाकतोड्यावर हिवाळा काढणाऱ्यांना नव्हती,
मसाजीच्या दीडशे मेंढरांनाही नव्हती.
कुणाचं पोट, आणि खराब कुणी केलं,
हे तलाठ्याला विचारणार होतो.
त्याच्याकडे लाईट नव्हती, मलाच खांबावर चढवलं.

वनरक्षक शाहीन पठाण आधी भडकल्या.
'तारंखालची झाडं तोडतावच तुम्ही,
आता लावायलाबी नको म्हणायलाव?'
खरंच होतं. वर्षातले दोन महिने
माझ्या हातात कोयता असतो.

तरी एका संध्याकाळी आल्या,
मोज्यांत कुसळं घेऊन बांधाआड बसल्या.
वीस पावलांवर एक मादी उतरली,
तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा.
गवतानं तिच्यावर दार ओढून घेतलं.
कितीतरी वेळानं शाहीनबाई म्हणाल्या,
'नर्सरीत गवताचं रोप मिळत नाही.'
मग माझी वही मागितली.

दुसऱ्या टप्प्याचे खड्डे नाल्याच्या अलीकडं थांबले.
अहवालात कारण काय दिलं, विचारलं नाही.
रकाना तिथंही छोटाच असणार.

मी आता डीपीच्या जंपरवर रबरी नळी चढवतो.
साहेबांना सांगतो, ट्रिपिंग कमी होतं.
खोटं नाही ते.
चार हजारांतली निम्मी रोपं वाळली.
जगलेल्यांवर राग धरता येत नाही,
त्यांतलं एक माझं आहे.

काल मोजले : अकरा.
बारावा उतरला की नुसतं वारं हललं, सांगता येईना.
मसाजी म्हणाला, 'लिव्ह की बारा, कोण बघायलंय.'
मी पेन्सिलनं अकरा लिहिलं,
पुढं एक प्रश्नचिन्ह,
आणि अंधार पडला तरी
दोघंही उठलो नाही.